व्हीपीएस घेताय? कंपनी पारखायची कशी, ते क्रमाने

माझा पहिला व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, मी तीन वर्षांचे पैसे एकदम भरून घेतला होता, कारण तीन वर्षांच्या प्लॅनवर सूट घसघशीत होती. नवव्या महिन्यात एके सकाळी साइट उघडेना. तिकीट टाकलं, म्हणजे कंपनीकडे लेखी तक्रार केली, उत्तर नाही. दोन दिवसांनी कंपनीचं पॅनेल, म्हणजे सर्व्हर सांभाळायचं वेबपान, तेही उघडेनासं झालं आणि मग डोक्यात प्रकाश पडला: बॅकअप त्याच पॅनेलात होते आणि डोमेनही (साइटचं नाव) त्याच खात्यातून घेतलेलं. दुसरीकडे नवा सर्व्हर उभा केला तरी डोमेन तिकडे वळवायची किल्ली त्या कुलूप लागलेल्या घरातच राहिली होती. साइट परत सुरू व्हायला पाच आठवडे गेले. त्यातले चार डोमेन सोडवण्यात.

त्यानंतर बरेच सर्व्हर घेतले, बरेच सोडले. ‘कुठली कंपनी चांगली?’ असं कुणी विचारलं की मी नाव सांगायचं टाळतो. कंपन्या बदलतात, विकल्या जातात. २००३ पासून स्वतंत्र असलेली लिनोड ही व्हीपीएस कंपनी २०२२ मध्ये अकामाई या बड्या इंटरनेट कंपनीने विकत घेतली. त्यात वाईट काही नाही, पण मालकाकडे बघून कंपनी निवडलेल्यांना हिशेब नव्याने मांडावा लागतो. म्हणून नावाऐवजी क्रम सांगतो. पुढच्या प्रत्येक पायरीवर एक प्रश्न मनात ठेवा: इथून उद्या निघायची वेळ आली, तर किती तासांत निघता येईल?

पायरी १: आधी गरज लिहून काढा

व्हीपीएस म्हणजे एका मोठ्या यंत्राचे सॉफ्टवेअरने पाडलेले भाग, त्यातला एक तुमचा. आत तुम्ही रूट, म्हणजे सर्वाधिकारी. अपडेट, फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी भिंत), लॉग (नोंदींच्या फाइली) भरून डिस्क तुडुंब होणं, सगळं तुमच्याच गळ्यात. चार पानांची स्थिर साइट असेल तर हे लोढणं घेऊच नका, साधं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, देखभाल कंपनीची) किंवा स्थिर साइटसाठीची सेवा पुरते. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडायची भीती वाटत असेल पण व्हीपीएस लागणारच असेल, तर ‘मॅनेज्ड’ प्लॅन बघा. तिथे देखभाल कंपनी करते. मात्र ‘मॅनेज्ड’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा. काही ठिकाणी त्यात फक्त ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट येतात आणि तुमची साइट बंद पडली तर तो तुमचा प्रश्न असतो. काय काय करून देणार, हे लेखी विचारा.

स्वतः सांभाळणार असाल तर आधी रॅमचा अंदाज घ्या. लहान व्हीपीएसवर गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते. डेटाबेससह एखादी वर्डप्रेस साइट १ जीबीत चालते, पण ओढूनताणून. २ जीबीत ती मोकळा श्वास घेते. रॅम संपली की लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतःच एखादी प्रक्रिया मारून टाकतो, आणि बळी जातो तो बहुधा डेटाबेसचा, कारण सगळ्यात जास्त रॅम त्यानेच धरलेली असते. नवखा माणूस मग ‘कंपनी भिकार आहे, सर्व्हर सारखा बंद पडतो’ असं म्हणत फिरतो. मीही फिरलो आहे. कर्नलचा लॉग उघडून पाहिला असता तर दोष माझ्याच सेटिंगचा होता, हे पाच मिनिटांत कळलं असतं.

पायरी २: प्लॅनचं पान नीट वाचा

जाहिरातीच्या पानावर चार गोष्टी ठळक असतात: कोअर (प्रोसेसरचे भाग), रॅम, डिस्क, ट्रान्सफर (महिन्याला किती डेटाची ये-जा चालेल). पाचवी बारीक अक्षरात असते आणि मी आधी तीच शोधतो. ती म्हणजे व्हर्च्युअलायझेशनचा, म्हणजे एका यंत्राचे भाग पाडण्याचा, प्रकार. केव्हीएम असेल तर तुमच्या सर्व्हरला स्वतःचा कर्नल मिळतो. केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलचाच भाग आहे आणि आज बहुतेक कंपन्या तेच वापरतात. ओपनव्हीझेडसारखा कंटेनरचा प्रकार असेल तर कर्नल सगळ्या शेजाऱ्यांत सामाईक. तो तुम्ही बदलू शकत नाही, त्यात मॉड्यूल (जादा भाग) टाकू शकत नाही, डॉकर (प्रोग्रॅम बंदिस्त डब्यात चालवायचं साधन) चालवताना अडचणी येतात. शिवाय अशा ठिकाणी एकच रॅम चार जणांना विकणं कंपनीला सोपं जातं. स्वस्त आहे म्हणून जुना कंटेनर प्लॅन घ्यायचा मोह होईल. शिकण्यासाठी ठीक, कामासाठी नको.

कोअरच्या बाबतीत ‘शेअर्ड’ की ‘डेडिकेटेड’ ते बघा. दोन शेअर्ड कोअर म्हणजे दोन कोअरवर रांगेत उभं राहायचा हक्क. रांग किती लांब आहे हे पानावर कधीच लिहिलेलं नसतं. ते मोजायचं कसं ते सातव्या पायरीत सांगतो.

डिस्कसाठी एनव्हीएमई (वेगवान जोडणीची एसएसडी) लिहिलेलं असेल तर उत्तम. नुसतं एसएसडी म्हटलं असेल तर ती साटा या जुन्या, संथ जोडणीची असण्याची शक्यता असते, आणि तिची धाव सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या आसपास थांबते. एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट जाते. लहान साइटला तेवढा वेग लागतच नाही, पण डेटाबेस मोठा झाला की फरक जाणवतो.

आता ट्रान्सफर, कारण इथे डोळ्यांत धूळ टाकणं सोपं असतं. ‘१ गिगाबिट पोर्ट, महिन्याला १ टीबी’ असं वाचलं की खूप वाटतं. हिशेब करा. १ टीबी म्हणजे ८,००० गिगाबिट. पोर्ट, म्हणजे सर्व्हरची नेटवर्क जोडणी, पूर्ण वेगाने चालला तर ८,००० सेकंदांत, म्हणजे सव्वादोन तासांच्या आतच, महिन्याचा कोटा संपतो. महिनाभर सारखा वाटला तर सेकंदाला सरासरी ३ मेगाबिटच्या आसपास वेग पडतो. मजकुराच्या साइटला हे भरपूर, व्हिडिओ वाटणाऱ्याला अगदीच तुटपुंजं. कोटा संपल्यावर काय होतं ते विचाराच: वेग कमी करतात, सर्व्हर बंद करतात, की जादा बिल पाठवतात? तिसरा प्रकार सगळ्यात महागात पडतो. आणि जिथे ‘अमर्याद’ लिहिलंय तिथे ‘रास्त वापर’ नावाचं कलम हमखास असतं. ते वाचून घ्या.

पायरी ३: सर्व्हर कुठे आहे?

वाचक जिथे, सर्व्हर त्याच्या जवळ. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे १,००० किलोमीटर जाऊन परत यायला किमान १० मिलीसेकंद. हे शास्त्राने घातलेलं बंधन आहे, कुठलीच कंपनी ते मोडू शकत नाही. प्रत्यक्षात केबल वळसे घेते, म्हणून आकडा जास्तच येतो. एक पान उघडताना सर्व्हर आणि ब्राउझर यांच्यात अनेक फेऱ्या होतात, म्हणून लांबचा सर्व्हर कितीही ताकदवान असला तरी जड वाटतो.

चांगल्या कंपन्या प्रत्येक डेटा सेंटरसाठी चाचणीचा आयपी पत्ता आणि एक चाचणी फाइल देतात. त्या पत्त्याला पिंग करा (संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजा), एमटीआर हे वाटेतला प्रत्येक टप्पा तपासणारं साधन लावून दहा मिनिटं सोडा. एकदा रात्री आठ-नऊच्या गर्दीत करा आणि एकदा पहाटे. दोन्हींत फार तफावत दिसली, किंवा शेवटच्या टप्प्यावर पाकिटं (डेटाचे तुकडे) गळताना दिसली, तर पुढे जायची गरज नाही. मधल्याच एखाद्या टप्प्यावर गळती दिसली आणि पुढे ती नाहीशी झाली, तर घाबरू नका. काही राउटर पिंगला उत्तर द्यायचा कंटाळा करतात, इतकंच.

पायरी ४: कंपनीची जन्मकुंडली

यात फार वेळ घालवू नका, अर्धा तास पुरे. डोमेन किती जुनं आहे ते नोंदणीच्या माहितीत दिसतं. कंपनीचं नोंदणीकृत नाव आणि पत्ता अटींच्या पानावर आहे का ते बघा. सेवा बंद पडल्याच्या घटनांचं पान उघडा. तिथे वर्षभर नुसती हिरवी रेघ असेल तर मला ती खोटी वाटते. जिथे ‘अमुक वाजता स्विच बिघडला, अमुक वाजता बदलला, कारण हे होतं’ असं लिहिलंय, तिथे मी जास्त निश्चिंत असतो.

आणखी एक चोरवाट: ऑपरेटिंग सिस्टिमची यादी. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला. आजही एखाद्या कंपनीच्या यादीत ते सगळ्यात वर असेल आणि डेबियन-उबुंटूच्या नव्या आवृत्त्या नसतील, तर त्या दुकानात झाडलोट होत नाही हे ओळखा. यजमान यंत्रांची (ज्यांच्यावर सगळे व्हीपीएस चालतात त्यांची) अवस्था तीच असणार, असा माझा तरी कयास असतो.

परीक्षणांच्या साइट वाचायच्या तर एक-तारा आणि पाच-तारा दोन्ही सोडून मधली वाचा. वर-खाली बहुतेक रागाच्या भरातले किंवा कमिशनवाले असतात.

पायरी ५: ‘९९.९ टक्के’ म्हणजे किती?

सर्व्हर किती वेळ चालू राहील याचं वचन कंपन्या टक्क्यांत देतात. ३० दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के म्हणजे ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा. ९९.९९ टक्के म्हणजे ४ मिनिटं आणि थोडे सेकंद. नुसतं ९९ टक्के म्हणजे सात तासांहून जास्त. दशांश चिन्हानंतरचा एक नऊ इतका महत्त्वाचा असतो.

पण हे वचन मोडलं तर मिळतं काय, ते बघा. साधारणपणे त्या महिन्याच्या भाड्याचा काही हिस्सा पुढच्या बिलात वजा होतो, तोही तुम्ही ठरावीक मुदतीत मागितला तरच. पूर्वसूचना देऊन केलेली दुरुस्ती मोजत नाहीत. तुमचा बुडालेला धंदा तर कुणीच भरून देत नाही. त्यामुळे या आकड्यावरून कंपनी निवडू नका. बंद पडलेला वेळ आपला आपण मोजायची सोय करा: बाहेरच्या एखाद्या देखरेख सेवेला दर मिनिटाला साइट तपासायला सांगा. तिकीट लिहिताना हातात वेळांची यादी असली की बोलणं दोन वाक्यांत संपतं.

पायरी ६: पैसे भरण्याआधी तिकीट टाका

ही पायरी लोक गाळतात आणि नंतर पस्तावतात. विक्री विभागाच्या चॅटवर ‘सपोर्ट कसा आहे?’ विचारून काही कळत नाही. एखादा खराखुरा तांत्रिक प्रश्न पाठवा, शक्यतो सुट्टीच्या दिवशी रात्री. माझा ठरलेला प्रश्न असा: ‘या प्लॅनमध्ये रिव्हर्स डीएनएस मला पॅनेलमधून बदलता येईल का, आणि २५ नंबरचं पोर्ट बाहेर जाण्यासाठी उघडं आहे का?’

रिव्हर्स डीएनएस म्हणजे आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद, आणि २५ नंबरचं पोर्ट म्हणजे मेल बाहेर जायचं दार. उत्तरातून दोन गोष्टी कळतात. एक, मेल पाठवता येईल की नाही. स्पॅम रोखण्यासाठी अनेक कंपन्या नव्या खात्यांचं २५ नंबरचं पोर्ट बंदच ठेवतात, आणि रिव्हर्स डीएनएस बरोबर नसेल तर जीमेल तुमची मेल नाकारू शकतं. दुसरी, समोर माणूस कोण आहे. ‘आमच्याकडे चोवीस तास सेवा उपलब्ध आहे’ असं छापील उत्तर आलं तर प्रश्न वाचलेलाच नाही. एकदा मला सहा तासांनी उत्तर आलं: ‘पोर्ट बंद आहे, पहिलं बिल भरल्यावर विनंती करा, आम्ही साइट बघून ठरवू.’ उशिरा आलं, नकार होता, पण स्पष्ट होतं. तो सर्व्हर मी घेतला.

पायरी ७: एकच महिना घ्या आणि पिळून बघा

तासाच्या किंवा महिन्याच्या बिलावर घ्या. वार्षिक सवलतीकडे अजून बघू नका. हा महिना परीक्षेचा.

पहिल्या दिवशी लॉगिन करून टॉप कमांड चालवा. वर सीपीयूच्या आकड्यांची ओळ दिसते, तिच्या शेवटी ‘एसटी’ असं लिहिलेला आकडा असतो. हा ‘स्टील’, म्हणजे तुमच्या सर्व्हरला कोअर हवा होता पण यजमानाने तो दुसऱ्याला दिला, तो वेळ. रांग किती लांब आहे ते हाच आकडा सांगतो. शून्य ते एक-दोन टक्के असेल तर छान. तो दर पाच मिनिटांनी नोंदवणारी छोटी स्क्रिप्ट लावून आठवडाभर सोडा, कारण एकदा बघून भागत नाही. माझ्या एका सर्व्हरवर दिवसा आकडा शून्य होता आणि रोज रात्री दोनला १८ पर्यंत चढायचा. शेजारच्या सगळ्यांचे बॅकअप त्याच वेळी चालत असणार. मी माझा बॅकअप पहाटे पाचला सरकवला आणि प्रश्न मिटला. दिवसभर दहाच्या वर राहिला असता तर मात्र सामान आवरलं असतं.

डिस्कचा वेग मोजायला डीडी ही कमांड वापरण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो एका सरळ रेषेत लिहितो आणि बऱ्याचदा कॅशच (तात्पुरती मेमरी) मोजतो. एफआयओ हे चाचणीचं साधन वापरा, ४ केबीच्या तुकड्यांत विखुरलेलं वाचन-लेखन तपासा. डेटाबेस तसंच वागतो. हे ताणून धरू नका, एक-दोन मिनिटं पुरतात. तासन्‌तास चालवलंत तर वाईट शेजारी तुम्हीच.

मग आयपी पत्ता तपासा. आयपीव्ही४ (जुन्या, चार आकड्यांच्या) पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला, म्हणून आज मिळणारा पत्ता बहुधा कुणीतरी वापरून सोडलेला असतो. आधीच्या भाडेकरूने त्यावरून स्पॅम पाठवला असेल तर बदनामी तुमच्या वाट्याला येते. स्पॅमहाउससारख्या बदनाम पत्त्यांच्या यादीत पत्ता टाकून बघा. नाव निघालं तर पहिल्याच दिवशी बदलून मागा, नंतर कुणी ऐकत नाही.

शेवटची परीक्षा थोडी क्रूर आहे. सर्व्हर रिकामा असतानाच फायरवॉलमध्ये मुद्दाम एसएसएच (दुरून लॉगिन करायची वाट) बंद करून स्वतःला बाहेर कोंडा. आता पॅनेलमधल्या कन्सोलवरून, म्हणजे सर्व्हरच्या थेट पडद्यावरून, आत शिरून दाखवा. कन्सोल उघडतो का, त्यात पासवर्ड नीट टाइप होतो का, रेस्क्यू मोडमधून (दुरुस्तीसाठीच्या तात्पुरत्या सिस्टिममधून) डिस्क वाचता येते का? खऱ्या अडचणीत हे शिकायला वेळ नसतो. अनेकदा असं निघतं की कन्सोल आहे, पण तो एका जुन्या प्लगइनशिवाय उघडतच नाही.

पायरी ८: बॅकअप दुसऱ्याच्या घरी

१० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं एसबीजी२ हे डेटा सेंटर जळून खाक झालं, शेजारच्या इमारतीचंही नुकसान झालं. ओव्हीएच ही काही किरकोळ कंपनी नव्हती. तरीही ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांचा डेटा गेला. रस्ट या ऑनलाइन खेळाच्या युरोपातल्या सर्व्हरांवरचा डेटाही परत आला नाही. पॅनेलमधलं स्नॅपशॉटचं (डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीचं) बटण उपयोगी आहे, अपडेट करण्याआधी जरूर दाबा, पण तो बॅकअप नव्हे. डिस्कची जोडी, म्हणजे रेड, हाही बॅकअप नव्हे: चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. एक प्रत दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या शहरात, वेगळ्या पासवर्डखाली ठेवा.

आणि ती परत उभी करून बघा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेस सर्व्हरवरची फोल्डर पुसायला सुरुवात केली. त्याला वाटत होतं, आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी गेले होते. बॅकअपच्या एकाहून अधिक व्यवस्था होत्या, पण बघायला गेले तर रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हता आणि तो बिघडल्याच्या सूचनेच्या मेलही पोहोचत नव्हत्या. त्याच दिवशी कुणीतरी सहज हाताने घेतलेला सहा तासांपूर्वीचा स्नॅपशॉट सापडला म्हणून निभावलं, तरी सहा तासांचं काम गेलंच. हे सगळं कंपनीने स्वतःच जाहीर केलं. तिथे पगारी तज्ज्ञांची फौज होती. आपल्याकडे आपणच आहोत, तेव्हा महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून साइट उघडते का ते बघा.

पायरी ९: निघून जायची तालीम

डोमेन एका कंपनीत, डीएनएस (साइटचं नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणारी सेवा) शक्यतो वेगळ्या ठिकाणी, सर्व्हर तिसऱ्याच ठिकाणी. खाती जास्त होतात, कटकट वाढते, मान्य. पण माझे ते चार आठवडे आठवले की ही कटकट गोड लागते. सर्व्हर उभा करताना टाकलेली प्रत्येक कमांड एका फाइलमध्ये लिहीत जा. कंपनीच्याच खास पॅनेलवर, खास डेटाबेस सेवेवर किती विसंबायचं तेही आत्ताच ठरवा. सोयीची प्रत्येक गोष्ट निघताना पायात येते.

मग घड्याळ लावून खरोखर निघून बघा. डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ वापरली जाते तो काळ) आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणा, दुसऱ्या कंपनीत एका दिवसापुरता सर्व्हर घ्या, फाइलमधल्या कमांड चालवा, बॅकअप उतरवा, एखादं उपडोमेन तिकडे वळवा. पहिल्या तालमीत मला सात तास लागले, कारण एक कॉन्फिग फाइल कुठेच लिहून ठेवली नव्हती आणि क्रॉनच्या (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या) नोंदी तर मी साफ विसरलो होतो. गेल्या वेळी एक तास चाळीस मिनिटं, त्यातला निम्मा वेळ नुसता फाइली कॉपी होण्याचा.

इतकं झालं आणि महिनाभरात कंपनीने फार त्रास दिला नाही, तर मग वार्षिक प्लॅनची सूट घ्यायला हरकत नाही. तीन वर्षांचे पैसे मात्र मी अजूनही भरत नाही.